विश्लेषण : ‘पिशवी’च्या ऑपरेशननंतर मोबाइल ॲप किती कामाचे? बीडच्या ऊसतोड महिलांना नेमकी कशाची गरज आहे?

मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांतून घरी जाताना आता डिस्चार्ज कार्डासोबत मोबाइलवर एक लिंकही येते. ॲप डाउनलोड करा, रोज ताप किती ते भरा, जखमेचा फोटो पाठवा, गोळीची वेळ झाली की फोन वाजेल. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे रुग्ण घरी असतो आणि डॉक्टर दवाखान्यात. या दोघांमधले अंतर फोनने भरून काढावे, अशी ही कल्पना आहे. ती वाईट नाही. जगात काही ठिकाणी तिची नीट चाचणी झाली आहे आणि फायदाही दिसला आहे.

आता हीच कल्पना बीड जिल्ह्यात आणून ठेवू. इथे ‘पिशवी काढली’ म्हटले की वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचे हे बोलीतले नाव. ऑपरेशन झाले की काही आठवड्यांत दसरा-दिवाळी येते, मुकादमाचा ट्रॅक्टर दारात उभा राहतो आणि कुटुंब कोल्हापूर, सांगली, सोलापूर किंवा थेट कर्नाटकाच्या फडाकडे निघते. अशा बाईच्या हातात ॲप दिले तर ते तिला काय सांगेल? आणि त्याने सांगितलेले ती करू शकेल का?

बीडमध्ये नेमके काय समोर आले होते?

२०१९ च्या एप्रिलमध्ये बीडच्या ऊसतोड महिलांमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या राष्ट्रीय पातळीवर आल्या. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य सरकारला नोटीस पाठवली. जूनमध्ये विधिमंडळात हा प्रश्न आला, तेव्हा तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ महिलांची गर्भाशये काढली गेल्याची माहिती दिली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यानंतर झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक.

ही संख्या किती मोठी आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. बीडच्या ऊसतोड महिलांमध्ये ते जवळपास १७ टक्के निघाले. दोन्ही सर्वेक्षणांची पद्धत आणि वयोगट सारखे नसल्याने तुलना जपून करावी लागते. तरीही फरक पाचपटीहून जास्त आहे.

बातम्यांचा जोर ‘गर्भाशये का काढली’ यावर राहिला आणि ते योग्यच होते. पण त्याच सर्वेक्षणातली दुसरी गोष्ट मागे पडली. ऑपरेशन झालेल्या महिलांपैकी जवळपास निम्म्या जणींनी नंतर शारीरिक किंवा मानसिक त्रास सुरू झाल्याचे सांगितले होते. पाठ-कंबर दुखणे, अशक्तपणा, झोप न लागणे, चिडचिड, हाडे दुखणे. यातल्या अनेक जणी ऑपरेशननंतर त्या डॉक्टरकडे पुन्हा गेल्याच नाहीत. बिल भरले, टाके काढले, विषय संपला.

विषय संपलेला नाही, हे २०२५ मध्ये पुन्हा दिसले. त्या वर्षी जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आरोग्य विभागाच्या आकडेवारीनुसार त्या हंगामाआधी तपासलेल्या ऊसतोड महिलांमध्ये ८४३ जणींची गर्भाशये काढलेली होती.

बरे व्हायला किती दिवस लागतात?

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ववत व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. दुर्बिणीतून किंवा योनिमार्गातून केली असेल तर त्याहून कमी. त्वचेवरचे टाके आठ-दहा दिवसांत निघतात, त्यामुळे बाईला आणि घरच्यांनाही वाटते की जखम भरली. आतले थर भरायला वेळ लागतो. म्हणूनच किमान सहा आठवडे जड वजन उचलू नका, असे डॉक्टर सांगतात. घरगुती भाषेत, पाण्याने भरलेला हंडा उचलायचा नाही.

आता फडावरचे काम पाहा. ऊस तोडणे, वाढे काढणे, मोळी बांधणे आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून चढत गाडीत टाकणे. एक मोळी ३० ते ४० किलोची भरते. दिवस पहाटे सुरू होतो आणि गाडी भरायला रात्रीही यावी लागते. राहायची जागा म्हणजे कोपी, म्हणजे पाचटाची किंवा ताडपत्रीची खोपटी. पाणी लांबून आणायचे, संडास-बाथरूम बहुतेक ठिकाणी नाही. पोटावर ताजी जखम असलेल्या बाईसाठी यातली एकेक गोष्ट घातक आहे.

सहा आठवड्यांच्या हिशोबात धोक्याची लक्षणे वेगवेगळ्या वेळी येतात आणि ॲपचा खरा उपयोग इथेच असतो. शस्त्रक्रियेच्या जखमेतला संसर्ग साधारण पहिल्या ३० दिवसांत कधीही उद्भवू शकतो आणि बऱ्याचदा तो रुग्ण घरी गेल्यावरच दिसतो. ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर जाणे, जखमेतून पू येणे किंवा ती उघडणे, अंगावरून घाण वासाचे जाणे, एका तासात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, लघवी होताना जळजळ किंवा लघवी सतत गळणे, पोटरी सुजून दुखणे, अचानक दम लागणे. यातले शेवटचे दोन म्हणजे रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते आणि तेव्हा वाट पाहण्यात जीव जाऊ शकतो.

जगभरातल्या ६६ देशांत १२,५३९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत जखमेत संसर्ग होण्याचे प्रमाण विकसित देशांत ९.४ टक्के होते, तर मानव विकास निर्देशांकात तळाशी असलेल्या देशांत २३.२ टक्के. हा अभ्यास पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियांचा होता, पण कल कळतो. ऑपरेशन सारखेच असले तरी रुग्ण कुठे राहतो यावर पुढचे बरेच काही ठरते.

त्यानंतरचा काळ आणखी लांब आहे. गर्भाशयासोबत दोन्ही बीजकोषही काढले असतील, तर तिशीतल्या बाईला एका दिवसात रजोनिवृत्ती येते. अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, हाडे ठिसूळ होणे, पुढे हृदयविकाराचा धोका वाढणे. बीजकोष ठेवले असले तरी ते नेहमीपेक्षा काही वर्षे आधी थकू शकतात. यावर उपचार आहेत, पण त्यासाठी बीजकोष काढले की ठेवले हे बाईला माहीत असावे लागते. ‘पिशवी काढली’ या दोन शब्दांत ते कळत नाही.

परदेशात ॲपचा फायदा कसा झाला?

बीडच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचा प्रयोग नेदरलँड्समधला आहे, कारण तो थेट गर्भाशयाच्या आणि बीजकोषांच्या शस्त्रक्रियांवरच झाला. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी आणि कामगार-आरोग्य डॉक्टरांनी आधी एकत्र बसून ठरवले की कोणत्या शस्त्रक्रियेनंतर कोणती हालचाल कितव्या दिवसापासून करता येईल. किती वेळ बसायचे, किती चालायचे, किती किलो कधी उचलायचे, सायकल कधी चालवायची. मग हे सगळे ऑनलाइन साधनात घातले आणि प्रत्येक बाईला तिच्या कामाप्रमाणे वेळापत्रक दिले. २१५ महिलांवर चाचणी झाली. साधन वापरणाऱ्या महिला मध्यमान ३९ दिवसांत पूर्णपणे कामावर परतल्या, न वापरणाऱ्या ४८ दिवसांत. तिथल्याच संशोधकांनी पुढे पित्ताशय, हर्निया आणि बीजकोषांच्या शस्त्रक्रिया झालेल्या ३४४ रुग्णांवर असेच साधन वापरून पाहिले. ‘लॅन्सेट’मध्ये २०१८ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात नेहमीच्या कामांना लागण्याचा काळ २६ दिवसांवरून २१ वर आला.

कॅनडातल्या टोरंटोमध्ये स्तन-पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियेनंतर ६५ महिलांवर प्रयोग झाला. ॲपवरून फोटो आणि माहिती पाठवणाऱ्यांच्या दवाखान्यातल्या खेपा कमी झाल्या आणि त्यामुळे गुंतागुंत वाढली नाही. स्कॉटलंडच्या एडिंबरामध्ये पोटाची तातडीची शस्त्रक्रिया झालेल्या ४९२ रुग्णांच्या चाचणीत फोनवरून जखमेचे फोटो पाठवणाऱ्यांत पहिल्या सात दिवसांत संसर्ग पकडला जाण्याची शक्यता ३.७ पट होती.

हे आकडे सोशल मीडियावर ‘ॲपमुळे रुग्ण लवकर बरे होतात’ अशा एका ओळीत फिरू शकतात. पण नेदरलँड्सच्या प्रयोगातली एक गोष्ट त्या ओळीत बसत नाही. तिथे कर्मचारी आजारी पडला तर दोन वर्षांपर्यंत किमान ७० टक्के पगार मालकाला द्यावा लागतो. म्हणजे ॲप जेव्हा सांगते की आणखी दोन आठवडे वजन उचलू नको, तेव्हा ती बाई खरोखरच घरी बसू शकते. तिथे ॲपचे काम होते भीती घालवणे, कारण अनेक जणी गरजेपेक्षा जास्त दिवस विश्रांती घेत होत्या. बीडमध्ये नेमके उलटे आहे. इथे बाई गरजेपेक्षा कितीतरी आधी कामाला लागते.

मग बीडमध्ये अडते कुठे?

सर्वांत आधी उचलीत. हंगामापूर्वी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला आगाऊ रक्कम देतो. या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसे मिळून एक कोयता, त्यामुळे बाई पडून राहिली तर अर्धे नाही, पूर्ण कामच थांबते. न आलेल्या दिवसाचा ‘खाडा’ धरला जातो आणि त्यापोटी दिवसाला ५०० रुपये किंवा त्याहून जास्त कापले जातात, असे महिलांनी वारंवार सांगितले आहे. पाळीच्या दिवसांतला खाडा टळावा म्हणूनही काहींनी पिशवी काढली, हे २०१९ मध्ये पुढे आले होते. म्हणजे ज्या खाड्याच्या भीतीने ऑपरेशन झाले, त्याच खाड्याच्या भीतीने ऑपरेशननंतरची विश्रांतीही जाते. त्यात अनेकदा ऑपरेशनचा खर्चच उचलीतून किंवा मुकादमाकडून घेतलेल्या कर्जातून भागवलेला असतो.

संघटित कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात ७० टक्के वेतन, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. ऊसतोड कामगार त्यात येत नाही. त्याचा मालक नेमका कोण, यावरच एकमत नाही. कारखाना म्हणतो वाहतूकदार, वाहतूकदार म्हणतो मुकादम, आणि मुकादम बहुतेक वेळा त्याच गावातला, कधी नात्यातलाही असतो.

मग फोनचा प्रश्न येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५४ टक्के महिलांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या महिला ३३ टक्के होत्या, ग्रामीण भागात जेमतेम २५ टक्के. त्यानंतर स्मार्टफोन वाढले आहेत, हे उघड आहे. पण घरात एक स्मार्टफोन असणे आणि तो बाईच्या हातात असणे यात फरक पडतो. फडावर तो बहुतेक वेळा नवऱ्याच्या खिशात असतो, कोपीत वीज नसल्याने चार्जिंग गावातल्या दुकानात करायचे, आणि रिचार्ज संपला की ॲप गप्प. ‘अंगावरून पांढरे जाते का?’ हा प्रश्न नवऱ्याच्या फोनवर, टोळीतल्या पुरुषांच्या घोळक्यात वाजला, तर त्याचे उत्तर ‘नाही’च येणार.

भाषाही आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांत वंजारी, बंजारा, दलित आणि इतर अनेक समाजांतली कुटुंबे आहेत. तांड्यावरच्या घरात गोरमाटी बोलली जाते. ‘योनिमार्गातून स्राव होतो आहे का’ असे पुस्तकी मराठीत विचारणारे ॲप पुण्यातल्या बैठकीत छान दिसेल, पण शिरूर कासार किंवा धारूरच्या बाईला ते परकेच वाटेल. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात स्त्री-साक्षरता ६८ टक्क्यांच्या आसपास होती. वाचून उत्तर द्यायचे ॲप नेमके त्या उरलेल्या महिलांना वगळते, ज्यांना त्याची गरज जास्त आहे.

आणि समजा, हे सगळे जमले. रात्री दहाला बाईने जखमेचा फोटो पाठवला, तो लाल झेंड्यासह बीडमधल्या डॉक्टरच्या फोनवर पोहोचला. बाई आहे बेळगाव जिल्ह्यातल्या एका फडावर. डॉक्टर काय करणार? तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे तिची फाइल नाही, केंद्राची भाषा कन्नड, आणि डिस्चार्ज कार्ड गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत. इशारा देणे ॲपला सोपे असते. इशाऱ्यानंतर कोणी गाडी घेऊन येणार आहे का, यावर त्या इशाऱ्याची किंमत ठरते.

साधा फोन आणि ओळखीची बाई

यावर एक उत्तर आफ्रिकेतल्या रवांडाने शोधले. तिथल्या किरेहे जिल्ह्यात सिझेरियन झालेल्या महिलांच्या हातात ॲप दिलेच नाही. ॲप दिले गावातल्या आरोग्य सेविकेला. प्रसूतीनंतर दहाव्या दिवसाच्या सुमारास ती घरी जाते, ठरलेले प्रश्न विचारते, जखमेचा फोटो काढते. फोटोवरून संसर्ग ओळखणारी संगणक प्रणाली तयार करण्याचे काम अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांसोबत झाले. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर जखमेभोवतीची लाली सहज दिसत नाही, त्यामुळे गोऱ्या त्वचेच्या फोटोंवर शिकलेली प्रणाली तिथे चालणार नव्हती. स्थानिक फोटो जमवावे लागले. बीडमध्येही तेच करावे लागेल.

आपल्याकडे आशा सेविका आहेतच. गावात त्यांना पिशवीचे ऑपरेशन कोणाचे झाले, कोणाच्या घरी उचल आली, सगळे माहीत असते. अडचण एवढीच की आशा गावात राहते आणि बाई फडावर जाते. ही फट ओळखून जिल्ह्यात टोळीतल्याच एखाद्या बाईला ‘आरोग्य साथी’ म्हणून प्रशिक्षण देण्याचा आणि तिच्याकडे औषधांची पेटी देण्याचा उपक्रम झाला आहे. या विषयात तंत्रज्ञानाला जागा असेल तर ती इथे आहे. प्रत्येक बाईच्या फोनमध्ये ॲप घालण्यापेक्षा टोळीतल्या एका साथीच्या हातात चांगला फोन, थर्मामीटर आणि बोलून उत्तर देणारा माणूस पलीकडे असणे जास्त उपयोगाचे. बाई बाईला सांगते. नवऱ्याच्या फोनला सांगत नाही.

दुसरे उत्तर त्याहून साधे आहे आणि ते भारतात आधीच चालू आहे. गरोदर महिला आणि लहान बाळांच्या मातांसाठी केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवा २०१६ पासून सुरू आहे. ठरलेल्या आठवड्याला फोन वाजतो, उचलला की ध्वनिमुद्रित संदेश ऐकू येतो. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत एकूण ७२ फोन. स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही, वाचता येणेही लागत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत ही सेवा महाराष्ट्रातही सुरू झाली. याच धर्तीवर शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या, सातव्या, दहाव्या, चौदाव्या, एकविसाव्या दिवशी फोन जाऊ शकतो. ‘ताप आलाय का? आला असेल तर १ दाबा.’ १ दाबले की पलीकडून परिचारिकेचा फोन. यात नवीन शोध लावण्यासारखे काही नाही, त्यामुळे कदाचित कोणी त्याचे उद्घाटनही करणार नाही.

‘ई-संजीवनी’वरून सरकारी डॉक्टरांचा सल्ला फोनवर घेता येतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाला कागदपत्रे जोडता येतात. कागदावर पाहिले तर बेळगावच्या डॉक्टरला बीडचे डिस्चार्ज कार्ड दिसण्याची सोय आहे. मात्र त्यासाठी बीडच्या खासगी दवाखान्याने ते तिथे चढवलेले असायला हवे. तोपर्यंत एक फुकटचा उपाय उरतो : डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट, दोन्हींचे फोटो काढून घरातल्या दोन फोनमध्ये ठेवणे. कार्डावर शस्त्रक्रियेचे पूर्ण नाव आणि बीजकोष ठेवले की काढले हे लिहिलेले आहे का, ते टाके काढायला गेल्यावरच विचारून घ्यावे. लक्षणे गंभीर असतील तर ॲप किंवा सल्ल्याची वाट न पाहता १०८ ला फोन करणे हाच मार्ग.

तारखांचे गणित

शस्त्रक्रियेची तारीख आणि टोळी निघण्याची तारीख, या दोन तारखा समोरासमोर ठेवल्या तर बराच धोका आधीच दिसतो. सप्टेंबरच्या मध्याला पोट उघडून ऑपरेशन झाले तर आठ आठवडे नोव्हेंबरच्या मध्याला संपतात. तोवर कारखान्यांचे गाळप अनेकदा सुरू झालेले असते. ऑगस्टच्या आधी झाले तर बाईला निदान पुरेसे दिवस मिळतात. ज्या शस्त्रक्रिया तातडीच्या नाहीत, त्यांच्याबाबत डॉक्टरने ‘टोळी कधी निघणार?’ हा एक प्रश्न विचारला तरी फरक पडेल. नेदरलँड्सच्या वेळापत्रकात सायकल कधी चालवायची ते लिहिले होते. बीडच्या वेळापत्रकात मोळी कधी उचलायची, कोयता कधी धरायचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दोनशे-तीनशे किलोमीटरचा प्रवास कधी करायचा, हे लिहावे लागेल. असे वेळापत्रक बनवायला ॲप लागत नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेतले स्त्रीरोगतज्ज्ञ, आशा आणि चार अनुभवी ऊसतोड महिला एका टेबलाभोवती बसल्या तरी ते तयार होऊ शकते.

प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत रुग्णालयातून सुटल्यानंतरचा १५ दिवसांचा औषधोपचार पॅकेजमध्ये धरलेला असतो. सहा आठवड्यांपुढे तो अपुरा आहेच. पण १५ दिवसही रुग्णाला कोणी बोलावून घेतले का, हे तपासणारे कोणी नाही.

ॲपमुळे नुकसानही होऊ शकते का?

होऊ शकते, आणि ते दोन बाजूंनी. पहिली बाजू दवाखान्याची. ‘पिशवीचे ऑपरेशन, सोबत महिनाभर मोबाइलवर देखरेख’ अशी जाहिरात झाली तर नको असलेले ऑपरेशन आणखी सोपे आणि सुरक्षित वाटू लागेल. बीडमधला मूळ प्रश्न शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीचा नव्हता, तर गोळ्या-औषधांनी बरे होऊ शकणाऱ्या त्रासासाठी गर्भाशय काढण्याचा होता. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, म्हणून गेलेल्या बाईला ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जात असे. चुकीचे ऑपरेशन झाल्यावर त्याची उत्तम देखभाल करणे, याला उपचार म्हणता येणार नाही.

उलट, हीच नोंद नीट वापरली तर ती दवाखान्यावरही नजर ठेवू शकते. केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर देखरेख समित्या आणि शस्त्रक्रियांची वय-कारणासह यादी, असे त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. बीडमध्ये तर २०१९ नंतर खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक बाईला सातव्या दिवशी सरकारी यंत्रणेचा फोन जाणार असेल, तर प्रत्येक ऑपरेशनची नोंद आधी व्हावीच लागेल. कोणत्या दवाखान्यातल्या रुग्णांना जास्त ताप येतो, कुठे पस्तिशीच्या आतल्या बायका जास्त आहेत, हे महिन्याभरात दिसेल. रुग्णाची काळजी आणि दवाखान्याची जबाबदारी एकाच यादीतून निघू शकते. ही यादी खासगी ॲप कंपनीकडे राहणार की जिल्हा आरोग्य विभागाकडे, यावर मात्र सगळे अवलंबून आहे.

दुसरी बाजू माहितीची. कोणत्या बाईचे ऑपरेशन झाले आहे, कोणाची जखम भरली नाही, कोण अशक्त आहे ही यादी मुकादमाच्या हाती लागली तर? पुढच्या हंगामात त्या कोयत्याला उचल कमी मिळेल किंवा मिळणारच नाही. किंवा याच्या उलट, पिशवी काढलेल्या बाईला पाळीचा खाडा नाही म्हणून तिलाच पसंती दिली जाईल. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्यात संमतीची भाषा आहे. पण संमतीचे बटण नवऱ्याने दाबले, ॲप मुकादमाच्या पोराने डाउनलोड करून दिले, आणि पासवर्ड सगळ्या टोळीला माहीत, अशी स्थिती असेल तर कायद्यातली संमती आणि फडावरची संमती यांचा मेळ बसत नाही.

पैसे कुठे जायला हवेत?

राज्यात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे. त्यात गाळलेल्या उसाच्या टनामागे ठरावीक रक्कम कारखान्यांकडून जमा करण्याची तरतूद आहे. ॲप बनवायला फार पैसे लागत नाहीत, त्यामुळे असा प्रस्ताव कधी पुढे आला तर तो सहज मंजूर होईल आणि त्याचे सादरीकरणही देखणे असेल. त्याच प्रस्तावात दुसरी एक ओळ आहे का, ते पाहावे लागेल : शस्त्रक्रिया झालेल्या महिलेला सहा आठवड्यांची बुडालेली मजुरी, आणि त्या काळातला खाडा धरायचा नाही असे मुकादम व कारखान्यावर बंधन. शस्त्रक्रियेची नोंद झाली, सातव्या दिवशीचा फोन लागला, की त्याच नोंदीवरून बाईच्या बँक खात्यात पहिल्या पंधरवड्याची रक्कम जमा होऊ शकते. शेतकऱ्यांचे अनुदान आणि ‘लाडकी बहीण’चे हप्ते याच रीतीने खात्यात जातात, तेव्हा यंत्रणा नाही असे म्हणता येणार नाही.

हंगाम संपवून टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. परतल्यावरची तपासणी गोऱ्हे समितीच्या शिफारशींमध्ये होती. ऑपरेशन झालेल्या बाईसाठी ती साधारण सहाव्या महिन्यात येते. टाके केव्हाच विसरले गेलेले असतात, अंगातल्या वाफा आणि हाडांचे दुखणे तेव्हा सुरू झालेले असते.